मीटरचं जेवण

आमचे शेजारी हिलालआप्पा कुणाची विहिरीवरची मोटर नाहीतर बॅटरी तपासायला गेले की आधी साबणाची डबी उघडतात. डबीत सहा पेन्सिल सेल ओळीनं निजवलेले असतात, वर सायकलच्या ट्यूबचं रबर. डबीतून निघालेल्या दोन वायरी आप्पांच्या व्होल्ट मोजायच्या मीटरच्या पोटात जातात. मीटरला खरं तर एकच चौकोनी सेल लागतो, तो शहाद्यात कुठंही मिळतो. पण आप्पांचा त्याच्यावर विश्वास नाही. "त्यान्हा जीव केवढा! पहिले मीटरले जेवाड, मंग मोज."

लोणखेड्यात या जेवणावळीची यथेच्छ टिंगल होते. विहिरीवर शेतकरी खोळंबलेला, केळी पाण्यावाचून माना टाकतायत, आणि आप्पा दुसऱ्या मीटरनं पहिल्या मीटरचे सेल तपासतायत! त्या दुसऱ्याचे कोण तपासतं, असं मी एकदा विचारलं. आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात आईला घरी ऑक्सिजनचं मशीन लागलं. लाईट गेली की ते इन्व्हर्टरच्या बॅटरीवर चालायचं. ती बॅटरी मोजायला आप्पा न बोलावता रोज येऊ लागले. मी वैतागलो, "आप्पा, कालच तर मोजली ना!"

"कालनी गोट काल गयी," म्हणाले आणि डबी उघडली.

एका दुपारी लाईट गेलीच. दोन तास मशीन बॅटरीवर चाललं. आप्पा डबी मांडीवर घेऊन आईच्या खाटेशी बसून राहिले. डबी गुलाबी, झाकणावर फुलं. मी सहज विचारलं, "ही कुणाची हो?"

"तुन्ही काकूनी." मग मीटरकडेच बघत म्हणाले, "तिलेबी असंच मशीन व्हतं. मी बॅटरी मोजी, मीटरनी भरेल दखाडी. मीटरना सेलच उतरेल व्हता रे. सेल उतरना का मीटर जास्तीनं दखाडस. मी तिले सांगं, बिनघोर नीज, आनि केळीनी मोटर पाहाले निंघी गऊ. मांगे लाईट गयी. माघारे ऊनू तवय मशीन बंद व्हतं. तीबी."

मला माझ्या सगळ्या थट्टेची लाज वाटली.

तेवढ्यात लाईट आली. आईनं डोळे उघडले. "लाईट ऊनी ना, हिलाल. आते घर जाय, भाऊ."

आप्पा उठले नाहीत. डबीतले सहाही सेल काढून त्यांनी खिशातले नवे घातले.

"जासू ना, बहीन," म्हणाले. "यकडाव मोजी लेऊ दे."