रँकिंग बघायला गेलतो

माझं नाव नागराज. वडगावात माझे चार यंत्रमाग आहेत, आणि साडी दुकानात जायच्या आधी तिची प्रत ठरवणं हे माझं रोजचं काम. त्यामुळं लेकीसाठी विद्यापीठ निवडायची वेळ आली तेव्हा मी घरात जाहीरच करून टाकलं, की कुणी डोक्याला ताप करून घेऊ नका, एक नंबर कोण ते मी ठरवतो. बायको रचना म्हणाली, मिक्सरपण तुम्हीच ठरवून आणलावता. मी तिकडं काणाडोळा केला.

मंजुश्रीला शिकायचं होतं संख्याशास्त्र. मार्क चांगले पडलेले, त्यामुळं तीन दारं उघडी होती. एक बेंगळुरूचं, एक पुण्याचं आणि एक हायवेला नवीनच झालेलं, आमच्या घरापासून तासाभराच्या वाटेवर. आता यातलं भारी कुठलं? मी पेपरची पुरवणी आणली. तिच्यात हायवेवालं पहिलं. मंजुश्रीनं मोबाइलवर एक यादी काढली, तिच्यात पुणं पहिलं. दुसरी काढली, तर बेंगळुरू पहिलं आणि हायवेवालं गावातच न्हाय. म्हणजे तीन वधुपित्यांनी आपापल्या मुलीला सगळ्यात देखणी म्हणावं तसा प्रकार झाला. त्यात रचनानं पुरवणी उलटून दाखवली. मागच्या पानभर हायवेवाल्यांचीच जाहिरात होती.

मी म्हटलं, दुसऱ्याच्या याद्या पाहिजेतच कशाला, आपण आपली करू. शंभर गुणांची.

सल्ल्याला निपाणीहून माझा मेव्हणा युवराज आला. तो तंबाखूच्या व्यापारात. पान नाकाशी धरून प्रत सांगतो, त्यामुळं त्याचाही प्रतीवर हक्क. त्याचं म्हणणं, सगळे गुण नोकरीला द्या, पोरगं बाहेर पडून काय मिळवतंय ते बघा. रचनाचं म्हणणं, मुलींच्या हॉस्टेलचं जेवण आणि कडीकोयंडा बघा. मंजुश्री म्हणाली, शिकवणारे कोण आहेत ते बघूया. त्यावर मी म्हटलं, शिकवणारे काय सगळीकडं असतातच की. मग मी न्यायानं वाटणी केली. नोकरीला वीस, हॉस्टेलला वीस, इमारतीला दहा, शिक्षकांना दहा आणि घरापासूनच्या अंतराला चाळीस.

"अंतराला चाळीस?" मंजुश्रीनं विचारलं.

मी म्हटलं, प्रवासात अभ्यासाचा वेळ किती जातो, विचार केलायस का? तिनं बेरजेला कागद ओढला. बेरीज झाली, तर हायवेवालं पहिलं आलं. मी काय मुद्दाम केलं न्हवतं, गणितच तसं होतं. तरीपण माल न बघता प्रत ठरवायची न्हाय, हा आमच्या धंद्याचा नियम. म्हणून आम्ही तिघं ते बघायला निघालो. रचना आली न्हाय. म्हणाली, निकाल लागलेलाच हाय, मी कशाला येऊ.

युवराजनं मित्राची मोठी पांढरी गाडी आणलीवती. स्वतः कडक इस्त्रीत, सोनेरी काडीचा चष्मा, काखेत फाईल. फाईलीत मंजुश्रीच्या मार्कलिस्टी. मी लग्नातला कोट घातलावता. गेटवर वॉचमननं काच खाली करायला लावली आणि विचारलं, "यारु? कोण तुम्ही? काय काम हाय?"

मी खरं तेच सांगितलं. "रँकिंगचं बघायला आलोय."

त्या माणसानं मला असा सलाम ठोकला, की मीपण हात कपाळाला नेला. तो हातातल्या यंत्रात कानडीत भराभरा काहीतरी बोलला, दांडी वर गेली आणि आम्ही आत पोचेपर्यंत पायऱ्यांवर माणसं गोळा झालीवती. गुच्छ आले. नारळपाणी आलं. मला आणि युवराजला शाली घातल्या. मंजुश्रीला गुलाबाचं फूल दिलं. मी युवराजच्या कानात म्हटलं, बघ, पालकांची कदर असावी तर अशी. आणि मनातल्या मनात हॉस्टेलचे वीसच्या वीस गुण देऊनसुद्धा टाकले, अजून हॉस्टेल बघायचं होतं तरी.

तिथले रजिस्ट्रार घामाघूम झालेले गृहस्थ होते. त्यांनी युवराजला अदबीनं विचारलं, की सर कुठल्या विभागाचे? युवराज म्हणाला, निपाणी. काम काय बघता? तो म्हणाला, प्रत ठरवायचं, तीस वर्षं हेच करतोय. रजिस्ट्रार आणखी वाकले. मग मंजुश्रीकडं बघून म्हणाले, आणि या मॅडम? मी म्हटलं, सगळं हिच्यावरच हाय, हिला पसंत पडलं तर पडलं. तेव्हापासून त्यांनी मंजुश्रीच्या पुढं पाऊल टाकलं न्हाय, मागंमागंच चालले. एक अक्षरसुद्धा आम्ही खोटं बोललो न्हाय, हे मी आजही शपथेवर सांगीन.

लायब्ररी दाखवली, लॅब दाखवली. सगळं चकाचक, पण पोरं कुठं दिसेनात. मी विचारलं तर म्हणाले, शिस्त आहे सर. शेवटी संख्याशास्त्र विभागात नेलं. तिथं सहा-सात प्राध्यापक ओळीत उभे होते, लग्नात जेवायची पंगत बसायच्या आधी उभे राहतात तसे. मंजुश्री एकेकाला काय शिकवता ते विचारत पुढं गेली. शेवटचे जे होते त्यांनी टायची गाठ सैल केली, युवराजकडं बघितलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"युवराजअण्णा, तुम्ही समितीत कधी गेलासा?"

युवराजनं चष्मा काढून त्यांच्याकडं बघितलं. "भावकू सर, तुम्ही प्राध्यापक कधी झालासा?"

भावकू सर म्हणजे निपाणीत युवराजच्या गल्लीत शिकवण्या घेणारे मास्तर. त्यांनी आम्हाला खिडकीपाशी ओढलं आणि हळूच सांगितलं, की आज विद्यापीठांची क्रमवारी लावणारी समिती येणार म्हणून दिवसभरासाठी बोलावून आणलंय. टायपण इथलाच हाय, संध्याकाळी परत द्यायचा. त्यांना वाटलं, आता आपलं बिंग फुटणार. मी मात्र माझ्या अंगावरच्या शालीकडं बघितलं. समिती म्हणजे आम्ही!

मी युवराजला म्हटलं, चल, मागच्या मागं सटकूया. पण तेवढ्यात जेवायचं बोलावणं आलं. पानात खव्याचा गोड कुंदा वाढलेला. युवराज म्हणाला, दाजी, आता उठलं तर संशय येईल, खाऊन उठू. मंजुश्री मात्र हात धुवायला म्हणून गेली ती लवकर आलीच न्हाय. आली ती तिथल्या एका मुलीशी बोलून. त्या मुलीला आज हॉस्टेलच्या खोलीतच थांबायला सांगितलंवतं, कारण तिला प्रश्न विचारायची सवय होती. आपल्याला वर्षभरात कोण कोण शिकवून गेलं ते तिला धड आठवत न्हवतं. माणसं टिकतच न्हाईत म्हणे.

मग मात्र मला बसवेना. मी उठलो, रजिस्ट्रारना बाजूला घेतलं आणि कोटाची बटणं चाचपत सांगितलं, "साहेब, चूक झाली. मी साड्या विणतो. ही माझी लेक. आम्ही ॲडमिशनसाठी आलोय."

ते हसले. त्यांना वाटलं, समितीवाले गंमत करतायत. मी मार्कलिस्टी दाखवल्या, तसं हसू जागच्या जागी गोठलं. त्यांनी फक्त विचारलं, "मग समिती कुठं आहे?"

समिती सकाळपासून तिथंच होती. साध्या भाड्याच्या गाडीतनं आलीवती. वॉचमनला वाटलं, साहेब लोक तर आत गेले, मग हे पालक असणार. त्यांनी ओळखपत्रं काढली, तर तो म्हणाला, कागदं आत दाखवा, आणि त्यांना ॲडमिशनच्या हॉलमध्ये धाडलं. तिथं टोकन घेऊन तिघं बसलेले. पंखा बंद. एक पोरगी त्यांच्या मागंच लागलीवती, की थोड्याच सीट उरल्यात, आजच पैसे भरा, मुलगा आहे का मुलगी? त्यांच्यातले सगळ्यात म्हातारे प्राध्यापक मात्र तिला शांतपणे एकेक प्रश्न विचारत होते आणि ती काहीबाही ठोकून देत होती.

रजिस्ट्रार पळत गेले. गुच्छ दुसरे न्हवते. मी माझी शाल काढून त्यांच्या हातात दिली, दुसरं मला काय सुचलंच न्हाय. मी त्या म्हाताऱ्या प्राध्यापकांची माफी मागितली, तुमचं जेवण आम्ही जेवलो म्हणून सांगितलं. ते रागावले न्हाईत. म्हणाले, बरं झालं, एवढी वर्षं मी शालीच बघत होतो. मग त्यांनी मंजुश्रीला काय शिकायचंय ते विचारलं. मला राहवलं न्हाय. मी हात जोडून म्हटलं, आता तुम्हीच सांगा सर, एक नंबरचं कुठलं?

"माझ्या यादीवर काय जाताय?" ते म्हणाले. "माझ्या नातवानं ती उघडूनसुद्धा बघितली न्हाई."

आम्ही परत निघालो. गाडीत मी म्हटलं, ठीक आहे, हे गेलं, आता पुणं बघू, त्यानंतर बेंगळुरू. अजून वेळ हाय.

मंजुश्री बाहेर बघत होती. म्हणाली, "आप्पा, माझं बेंगळुरूचं ठरलंय. मी मोबाइलवर ॲडमिशन लॉक केलंय."

मी विचारलं कधी, तर म्हणाली, आठवडा झाला. तिनं तिन्हीकडं संख्याशास्त्राच्या शिक्षकांना एक गणित लिहून पाठवलंवतं, आपलं कुठं चुकतंय म्हणून. बेंगळुरूच्या बाईंनी दोन पानांचं उत्तर धाडलं आणि शेवटी उलटा एक प्रश्न विचारला. तो प्रश्न तिला अजून सुटलेला न्हवता. हे सांगताना तिचा चेहरा असा उजळलावता, की माझा राग बाहेर यायच्या आधीच विरघळला.

"मग आज आलीस कशाला?"

"तुम्ही अंतराला चाळीस गुण दिलेलासा," ती म्हणाली. "तसल्या माणसाला एकदम कसं सांगायचं? मी दर पंधरा दिवसांनी येते, आप्पा."

युवराजनं विनाकारण हॉर्न वाजवला. मी बाहेर बघायला लागलो. उसाच्या शेतात बघण्यासारखं काय नसतं, तरी बराच वेळ बघितलं.

थोड्या वेळानं माझ्यातला मालक जागा झाला. मी म्हटलं, पण माझ्या सहीशिवाय, माझ्या परवानगीशिवाय ते लॉक झालंच कसं?

"परवानगी तुमचीच हाय की. तुमच्या मोबाइलवर ओटीपी आलावता. मी हाक मारली, तुम्ही मागावरनं आकडे वाचून दाखवलासा."

"ते गॅसच्या टाकीचे आकडे न्हवते?"

"मी कुठं गॅसचे म्हटलं?"

आता मंजुश्री बेंगळुरूला असते. आम्ही रँकिंगवाल्यांबरोबर जेवून आलो ही बातमी वडगावभर झालीय, त्यामुळं बारावीचे निकाल लागले की पालक माझ्याकडं सल्ल्याला येतात. कुठलं विद्यापीठ घ्यावं, म्हणून विचारतात. मी त्यांना चहा पाजतो आणि सांगतो, बाकी काय ते पोरं बघून घेतील, तुम्ही फक्त मोबाइलवर आकडे आले की कशाचे हाईत तेवढं विचारत जा.