फोटोला पाठ

आजोबांचा फोटो सभागृहाच्या भिंतीवर लागलेला पाहून टेलरमास्तरांची छाती फुगली, आणि लगेच बसलीही. फोटोत आजोबा दुकानाच्या दारात ऐटीत उभे होते, आणि त्यांच्यापुढे चांगल्या चार ढांगांवर, उघड्या रस्त्यात, गावाचा सार्वजनिक नळ होता. नळ आजही होता. पण आता तो मास्तरांच्या दुकानात होता, ऐन मध्यावर. इस्त्रीला पाणी त्याचंच लागायचं. आता नळाला काही पाय फुटत नाहीत. म्हणजे दुकानच चालत पुढे आलं होतं, आणि हे आंधळ्यालाही दिसावं असा फोटो मास्तरांनी स्वतःच्या हाताने आणून दिला होता.

गावातल्या दुकानांचा आणि इमारतींचा इतिहास जुन्या फोटोंच्या प्रदर्शनात मांडायचं शाळेच्या गुरुजींच्या डोक्यात आलं, तेव्हा ‘आमचं दुकान सगळ्यात जुनं’ म्हणत मास्तरच सगळ्यांआधी धावले होते. हौस बघा माणसाची! आणि गुरुजींनी प्रमुख पाहुणे बोलावले ते कोण, तर जमीन मोजणीचे साहेब.

मास्तरांनी फोटो परत मागून पाहिला. काच तडकलीय म्हणाले, घरात आईला आठवण येते म्हणाले.

“अहो, हाच तर प्रदर्शनाचा मुकुटमणी,” गुरुजी म्हणाले. “साहेबांना यावरच बोलायला सांगणार आहे.”

मास्तरांची पाचावर धारण बसली. फोटोतल्या दारापुढचं सगळं अतिक्रमण म्हणून गेलं तर मागे उरणार होती कपाटाएवढी खोली. तिच्यात मशीन ठेवलं की मास्तरांनी रस्त्यावर बसून पाय मारायचे. त्यांनी दुकानाला कुलूप घातलं, किल्ली बायकोकडे दिली, आज सभागृहात काम आहे एवढंच तिला सांगितलं, आणि येऊन फोटोला पाठ लावून उभे राहिले.

जरा वेळाने मान वळवली, तर शेजारच्या फोटोला सलूनवाल्याची पाठ.

“कंबर धरलीय?” सलूनवाल्याने हळूच विचारलं.

“हो ना. तुमची?”

“माझीही.”

 पलीकडे बेकरीवाला होता. किराणावाले शेठ तर एकटेच तीन फोटो झाकत होते, आणि त्याचा फायदा दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना फुकटात मिळत होता. सभागृहाचे अध्यक्ष सभागृहाच्याच फोटोपुढे हात पसरून उभे होते. जुन्या फोटोत रस्त्यावर उतरणाऱ्या पायऱ्या नव्हत्या, हे मास्तरांना तेव्हा आठवलं. चहा आला तो सगळ्यांनी जागेवरूनच घेतला. गुरुजी काचा पुसायला फडकं घेऊन फिरले, तर कुणी तसूभर हललं नाही. इतिहासाबद्दल गावाचं एवढं प्रेम बघून गुरुजींना भरून आलं.

बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. सगळ्यांच्या पाठी भिंतीला आणखी घट्ट चिकटल्या. मास्तरांचा सदरा घामाने ओला झाला. पण आत कुणी येईना. गुरुजी दोनदा दारापर्यंत जाऊन आले. साहेबांनी हात केला म्हणाले, पोचतीलच.

आली ती मास्तरांची बायको.

“अहो, तुम्ही सगळे इथे काय करताय? साहेब कधीचे रस्ता मोजतायत.”

 तिने सांगितलं ते असं, की मोजणी आज ठरलेलीच होती. प्रदर्शनाला साहेब जाता जाता डोकावणार होते. एरवी फीत काढली की दुकानदार आडवे पडायचे, भांडायचे. आज बाजारात चिटपाखरू नाही. इतकं निवांत काम उभ्या नोकरीत झालं नव्हतं, असं साहेब म्हणाले.

“आणि आपलं दुकान?” मास्तरांनी कसंबसं विचारलं.

“त्याला तुम्ही कुलूप घातलेलं. आतून मोजता येईना त्यांना.”

मास्तरांच्या जिवात जीव आला. “बरं झालं बाई.”

“बरं कसलं? प्रमुख पाहुणे ना ते तुमचे? ताटकळत उभे होते बिचारे. मी उघडून दिलं.”