बाल्कनीतला पाइप

फुटली होती एकच फरशी. बाथरूममध्ये, दारातून आत गेलं की डाव्या हाताच्या कोपऱ्यात. वीस वर्षं ती तशीच फुटकी होती आणि त्यामुळे कोणाचं काही अडलं नव्हतं. पण आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आई ताईकडे विश्रांतीला गेली, आणि आपल्या हेडक्लार्कसाहेबांच्या मनात आलं की ती परत यायच्या आत तेवढी एक फरशी बदलून घ्यावी. (मनात आलेलं लगेच करायचं नसतं, हे त्यांना ऑफिसात नेमकं कळतं. घरी नाही.)

मिस्त्री आले. त्यांनी फरशीवर थापी ठोकली, कान लावला आणि मान हलवली.

"साहेब, ही एकटी नाही निघणार."

आठ दिवसांत बाथरूममध्ये फरशी राहिली नाही, टाइल राहिली नाही, नळ राहिला नाही. नवरा-बायको खांद्यावर टॉवेल टाकून शेजाऱ्यांकडे आंघोळीला जाऊ लागले. शेजाऱ्यांनीही पहिले तीन दिवस हसून दार उघडलं.

आई यायला आता दोनच आठवडे उरले होते. तिला उंच कमोड हवा होता, धरायला आधाराचा दांडा हवा होता, पाय घसरणार नाही अशी फरशी हवी होती. आणि हे सगळं होतं मिस्त्रींच्या हातात. त्या हातात कला होती, यात वाद नाही. पण राग नाकावर होता.

साहेबांच्या डॉक्टरांना याचा अनुभव होता. गेल्या वर्षी त्यांच्या घरी काम चालू असताना ते एकदाच ओरडले होते, "अहो, हे काय करून ठेवलंय?" मिस्त्रींनी थापी धुतली, पिशवीत टाकली आणि जे गेले ते गेलेच. डॉक्टर अजून दवाखान्यात आंघोळ करतात.

"प्रेशर वाढलंय तुमचं," दंडावरचा पट्टा सोडत डॉक्टर म्हणाले. "अजिबात चिडायचं नाही. प्रेशरचं मी बघून घेईन. मिस्त्री गेले तर माझ्याकडे औषध नाही."

झालं! साहेबांनी ठरवलं, चिडायचं नाही. पेपरच्या पुरवणीत 'ताणावर मात' असं पानभर आलं होतं, ते त्यांनी कापून ऑफिसच्या फायलीत लावलं. पहिला उपाय, दीर्घ श्वसन. मिस्त्री टाइल कापत असताना त्यांनी बाथरूमच्या दारात उभं राहून डोळे मिटले आणि छाती भरून श्वास घेतला. पुढे चौदा शिंका आल्या. दुसरा उपाय, दहा आकडे मोजणे. ते ओठातल्या ओठात मोजू लागले तर मिस्त्री म्हणाले, "चार टाइल कमीच भरतायत ना साहेब? मी म्हटलंच होतं, आणखी एक खोकं आणा." खोकं आणावं लागलं.

तिसरा उपाय होता, एकांतात मन मोकळं करणे. आता घरात एकांत कुठला? सगळं सामान हॉलमध्ये आणि हॉल सिमेंटमध्ये. शेवटी मागच्या बाल्कनीत त्यांना भिंतीत एक पाइप दिसला. चांगला चार इंची, तोंड उघडं. वॉशिंग मशीनचं पाणी जायला तो टाकलेला होता. पाइप कुठून कुठे न्यायचा हे मिस्त्रींनी भिंतीवर पेन्सिलीनं काढून दाखवलं होतं, पण तेव्हा साहेब पुरवणी वाचत होते. "हो हो, मंजूर," म्हणाले. (तीस वर्षांची सवय. वाचायच्या आधी सही.) पाइप म्हणजे गटारात जाणार, एवढं ते धरून चालले होते.

त्याच दिवशी आधाराचा दांडा बसला. मिस्त्री डावखुरे. त्यांनी तो बसवला कमोडच्या डाव्या बाजूला. आईचा जोर सगळा उजव्या हातात! साहेबांच्या कानशिलाची शीर उडायला लागली. पण ते हसले, "वा, मिस्त्री, छान!" म्हणाले आणि तडक बाल्कनीत जाऊन त्यांनी पाइपात तोंड घातलं.

"अरे डावखुऱ्या! आई माझी काय भिंतीकडे तोंड करून बसणार आहे? उजवीकडे लाव, उजवीकडे! अक्कल काय गिऱ्हाइकाकडे गहाण टाकून येतोस?"

हलकं हलकं वाटलं हो त्यांना. आणि नवल म्हणजे दुसऱ्या दिवशी दांडा उजवीकडे!

मग काय विचारता! फरशीचा उतार दाराकडे गेला होता. साहेब पाइपात ओरडले आणि संध्याकाळपर्यंत उतार जाळीकडे वळला. नळ उंच बसला होता. ओरडले, खाली आला. समोरासमोर मात्र "वा, मिस्त्री, छान!" याशिवाय शब्द नाही. आपल्या शांत मनाची शक्ती भिंतींमधून काम करते, याबद्दल त्यांची खात्रीच पटली. पुढच्या महिन्यात ते रिटायर होणार होते. आता लोकांना ताणमुक्ती शिकवायची, असं त्यांनी ठरवूनही टाकलं, आणि सराव म्हणून जेवताना बायकोला शिकवायला सुरुवात केली.

"अगं, मन कसं शांत ठेवावं. माझ्याकडे बघ."

"बघतेय," बायको म्हणायची. आणि खरंच, ती इतकी शांत होती की साहेबांना स्वतःच्या शिकवण्याचं कौतुक वाटायचं.

आई यायच्या आदल्या दिवशी काम पुरं झालं. काय बाथरूम झालं होतं! साहेबांनी कमोडवर बसून, उजव्या हातानं दांडा धरून उठून पाहिलं. आईला कोणाला हाक मारावी लागणार नव्हती. "मिस्त्री," ते म्हणाले, "न सांगता सगळं ओळखलंत हो तुम्ही!"

"न सांगता कसं?" मिस्त्रींनी कमोडमागच्या भिंतीतल्या भोकाकडे थापी दाखवली. "रोज सांगत होतात की यातून. बाल्कनीतला पाइप इथंच निघतो. भिंतीवर काढून दाखवला होता, तुम्ही मंजूर म्हणालात."

साहेब मटकन कमोडवर बसले. "म्हणजे ते... डावखुऱ्या वगैरे..."

"ऐकलं की. गटार माझ्या कानाशीच होतं."

"आणि तरी तुम्ही गेला नाहीत?"

"तोंडावर बोललेलं लागतं, साहेब. पाइपातून आलं ते काम समजायचं. प्रत्येक घरात मी एक पाइप शेवटपर्यंत उघडा ठेवतो. डॉक्टरांना तो सापडला नाही, त्याला मी काय करू?" मिस्त्री जरा घुटमळले. "तुमची सगळी कामं मी केली. पण वहिनींचं एकसुद्धा जमलं नाही, त्याचं वाईट वाटतं."

"वहिनींचं?"

"रोज अकराला यायच्या, तुम्ही ऑफिसला गेलात की. चांगला अर्धा तास बोलायच्या. पण त्यातली दुरुस्ती माझ्या हातातली नव्हती. ते सगळं तुमच्याबद्दल होतं."

बाल्कनीतलं वॉशिंग मशीन त्या पाइपाला जोडायचं म्हणून मिस्त्री उठले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायकोचा शांत, गोड आवाज आला.

"मिस्त्री, तो पाइप राहू द्या हो तसाच. मशीनचं पाणी मी बादलीनं टाकीन. हे पुढच्या महिन्यात रिटायर होतायत."