थंडीला दाद न देणारं संत्रं

माणूस थोडा सुधारला की आधी झाडं तोडतो, आणि आणखी सुधारला की त्यातलंच एक विकत आणून कुंडीत लावतो. पाणीपुरवठा कार्यालयातले उपअधीक्षक सुधारणेच्या या दुसऱ्या टप्प्यावर पोचले, ते समोरच्या फ्लॅटमधल्या दंतवैद्यामुळे.

दंतवैद्याच्या गॅलरीत लिंबाचं झाड होतं. वर्षातून दोन-तीनदा तो एक लिंबू हातात घेऊन बेल वाजवायचा आणि म्हणायचा, "घरचं आहे." (हे म्हणताना त्याचे सगळे दात दिसत. शेवटी धंद्याची जाहिरात ज्याने त्याने आपापल्या परीने करायची असते.) लिंबू स्वयंपाकघरात दोन दिवसांत संपे, पण 'घरचं आहे' हे उपअधीक्षकांच्या घशात आठवडाभर अडकून राही. तेव्हा लिंबाहून वरच्या दर्जाचं काहीतरी आपल्या घरी पिकलंच पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. लिंबाहून वरचा दर्जा संत्र्याचा, याबद्दल शास्त्रज्ञांत दुमत नसावं. शास्त्रज्ञांना कुणी विचारलेलं नव्हतं.

रोपवाटिकेच्या मालकाने त्यांना गुडघ्याएवढं एक झाड दाखवलं. मँडरिन जातीचं संत्रं, काटेरी खुंटावर बांधलेलं कलम, पानं काळपट हिरवी. गळ्यात लेबल होतं : 'उणे दहा अंशांपर्यंत थंडी सोसते.'

"याचं काय काय करावं लागेल?" उपअधीक्षकांनी विचारलं.

"काही नाही. बाहेर ठेवा, ऊन लागेल असं. माती सुकली की पाणी. मुळाशी साचू देऊ नका, बास."

"आणि थंडीत?"

"थंडीतपण बाहेरच."

"आणि अगदी कडाका पडला तर?"

"साहेब, ते थंडीचंच झाड आहे."

हे उत्तर उपअधीक्षकांना मुळीच पटलं नाही. उभा जन्म कार्यालयात काढल्यामुळे त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती : ज्या कामाला बैठक लागत नाही ते काम महत्त्वाचं असूच शकत नाही. झाड मात्र त्यांनी घेतलं.

घर तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर आणि काचा लावून बंद केलेली एक अरुंद गॅलरी. 'बंद' हा शब्द इथे सरकारी अर्थाने वाचावा. काचांच्या फटींतून वारा कसलाही अर्ज न करता थेट आत येत असे. घरात माणसं चार. उपअधीक्षक, शाळेत शिकवणारी त्यांची पत्नी, कॉलेजात जाणारी लेक आणि उपअधीक्षकांचे वडील, म्हणजे आप्पा. आप्पा पोस्टमन होते. निवृत्त झाल्यापासून ते दक्षिणेच्या खोलीत राहत. त्या खोलीत सकाळपासून दुपार कलेपर्यंत ऊन येई, आणि आप्पा खुर्ची सरकवत सरकवत त्या उन्हाबरोबर खोलीभर फिरत. नोकरीत मैलोन्‌मैल चालले, आता एका खोलीत तेवढंच चालतात, असं त्यांची नात म्हणायची.

झाड गॅलरीत ठेवलं. थंडी सुरू झाली, आणि एका सकाळी उपअधीक्षकांना त्याच्या पानावर दंव दिसलं. त्यांनी पानावरून रुमाल फिरवला आणि त्याच संध्याकाळी घरची बैठक बोलावली. उपस्थिती शंभर टक्के होती. पैकी पन्नास टक्के सभासदांना विषय काय आहे ते माहीत नव्हतं. (पत्नी पेपर तपासत होती आणि आप्पांना डाव्या कानाने कमी ऐकू येई.) घरात ऊन एकाच खोलीत येतं, झाडाला ऊन लागतं, सबब झाड त्या खोलीत आणि आप्पा गॅलरीत, असा प्रस्ताव मांडला गेला.

"बाबा," लेक म्हणाली, "थंडी सोसतं असं लेबल झाडाला आहे. आजोबांना नाही."

"तेच तर सांगतोय," उपअधीक्षक शांतपणे म्हणाले. "झाडाला मर्यादा लिहून दिली आहे, उणे दहा. आप्पांना कुणी मर्यादा लिहून दिली आहे का? नाही ना? मग? शिवाय जन्मभर थंडीवाऱ्यात पत्रं वाटलीत त्यांनी. काटक आहेत ते."

या युक्तिवादात भोक सापडेना. आप्पांपर्यंत विषय पोचला तेव्हा ते हसले.

"आपलं काय, पोस्टातली हाडं. कुठंही टाका, पोचतात."

हे वाक्य बिनशर्त संमती म्हणून नोंदवण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी आप्पांची खाट गॅलरीत गेली आणि झाड खोलीत आलं. आप्पांच्या काळात 'वीज फार खातो' म्हणून कपाटावर चढवलेला हीटर खाली उतरला. (तो आता कमी वीज खातो की काय, याचा तपास झाला नाही.) खिडकीला जाड पडदे, कोपऱ्यात तापमापक, पानं पुसायला मऊ फडकं, अशी व्यवस्था लागली. खोड उघडं दिसतंय म्हणून त्याला एक लोकरीचा मफलरही गुंडाळला गेला.

"अहो, तो आप्पांचा मफलर आहे," पत्नी म्हणाली.

"खोलीत ते कुठे वापरायचे तो?"

आप्पा आता खोलीत नाहीत, हा मुद्दा तिच्या जिभेवर आला होता. पण दाराची बेल वाजली आणि तो तिथेच राहिला. तिने मुकाट्याने दुसरी गोधडी काढून सासऱ्यांच्या पायांवर घातली. घराघरांत इतिहास असाच बेलमुळे राहून जातो.

बेल दंतवैद्याची होती. तो लिंबू घेऊन आला होता, पण झाडाच्या खोलीच्या उंबऱ्यावर येताच त्याने ते खिशात टाकलं आणि चपला बाहेर काढल्या. उपअधीक्षकांना जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. परत जाताना दंतवैद्याला गॅलरीत गोधड्यांचा ढीग दिसला आणि त्यात आप्पा दिसले.

"काय आप्पा, मोकळ्या हवेत?"

"हो. हवा मोकळी, आणि आपणही मोकळे."

त्यानंतर कार्यालयातली माणसं झाड बघायला येऊ लागली. रोखपाल आला, टंकलेखिका तिच्या दोन्ही बहिणींना घेऊन आली, आणि ज्यांच्या घरी महिनोन्‌महिने पाणी येत नव्हतं असे दोन तक्रारदारसुद्धा आले. झाडाचं कौतुक केल्यावर पाणी येतं, असा समज गावात पसरला होता. (तो खोटा होता. पण त्यामुळे कौतुकाचा दर्जा चांगलाच वाढला.)

अडचण एकच होती. आप्पा खोकू लागले. उपअधीक्षकांनी दोन दिवस लक्ष देऊन तो खोकला ऐकला आणि 'सवयीचा' या सदरात टाकला. पुढे झाडाला वाऱ्याची झुळूक लागू नये म्हणून गॅलरीचं दार कायम लावून ठेवण्याचं ठरलं, आणि काय आश्चर्य, खोकला पंच्याहत्तर टक्क्यांनी घटला. उरलेला पंचवीस टक्के पत्नीला ऐकू येई, कारण स्वयंपाकघराची खिडकी गॅलरीकडे उघडायची. ती भाजी चिरता चिरता थांबायची, आल्याचा काढा करून खिडकीतून आत द्यायची. आप्पा कप परत देताना म्हणायचे, "सूनबाई, त्या झाडालाही द्या थोडा. त्याचंही बरं दिसत नाही."

ते खरंच होतं. झाडाचं बरं नव्हतं. आधी पानं पिवळी पडली, मग टपाटप गळू लागली. उपअधीक्षकांनी हीटर वाढवला. पानं आणखी गळली. त्यांचं जेवणावरून लक्ष उडालं. कार्यालयात एका बाईंनी नळाला गढूळ पाणी येतं म्हणून तक्रार केली, तर हे म्हणाले, "निदान पानं तरी आहेत ना?" शेवटी रोपवाटिकेच्या मालकाला घरी बोलावलं. तो खोलीत शिरला आणि आधी अंगातला स्वेटर काढला.

"साहेब, हे उकडून मरतंय."

"काहीतरीच काय! एवढी काळजी घेतोय आम्ही!"

"तेच ना. बाहेर काढा याला. थंडी लागू द्या. थंडी लागली तरच फळात गोडी उतरते." त्याने दार उघडून गॅलरीत डोकावलं. "हे बघा, ही जागा एकदम झकास. इथे कोण राहतं?"

"कुणी नाही," उपअधीक्षक म्हणाले, आणि मग जरा थांबून, "म्हणजे, आमचे वडील."

गॅलरीत खाट तरी मावे, नाहीतर कुंडी तरी. झाड गॅलरीत आलं. एखाद्या साध्यासुध्या घरात अशा वेळी आप्पा आपल्या खोलीत परत गेले असते आणि ही गोष्ट इथेच संपली असती. पण त्या खोलीत आता मातीच्या गोण्या होत्या, खताचे डबे होते, आणि झाडाला सोबत म्हणून आणलेली अंजिराची आणि डाळिंबाची बाळरोपं खिडकीत ओळीने उन्हं खात होती. शिवाय झाडाला थंडी सोसली नाही तर ते माघारी कुठे येणार? सबब खोली राखीव ठरली आणि आप्पांची खाट हॉलकडे जाणाऱ्या बोळात, चपलांच्या मांडणीशेजारी लागली.

तिथे त्यांना उपअधीक्षकांच्या थोरल्या बहिणीने पाहिलं. ती सहज म्हणून आली होती. चप्पल काढायला वाकली, तर वडिलांची उशी समोर.

"अरे, हे काय?"

"तात्पुरती व्यवस्था आहे, ताई. झाडाचं जरा मार्गी लागलं की..."

ताईने त्यांचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "आप्पा, उठा. माझ्याकडे चला."

"अगं, इथं बरं आहे की. येणारे-जाणारे दिसतात."

"त्यांचे पाय दिसतात, आप्पा."

खाटेखालची ट्रंक आप्पांनी स्वतःच ओढून काढली. लेक रडत होती, पत्नी त्यांच्या शर्टांच्या घड्या पुन्हा पुन्हा घालत होती. निघताना आप्पा गॅलरीशी थांबले, झाडाकडे बघितलं आणि मुलाला विचारलं,

"तो मफलर नेऊ का? आता त्याला नको असेल."

"न्या न्या," उपअधीक्षक म्हणाले. स्वतःच्या हातांनी त्यांनी खोडावरची गाठ सोडली. गाठ ओढून बांधलेली होती, सुटायला वेळ लागला. तेवढा वेळ बापलेक शेजारी शेजारी उभे होते आणि दोघंही झाडाकडेच बघत होते.

ते गेल्यावर उपअधीक्षक स्टूल घेऊन गॅलरीत बसले. का बसले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. थोड्याच वेळात फटींतला वारा मानेत शिरला, हाडं कुडकुडली, दात वाजू लागले. एवढी थंडी इथे असते, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. ते बराच वेळ समोरच्या भिंतीकडे बघत राहिले, जिथे खाट घासून घासून चुन्यावर एक रेघ उमटली होती. मग ते उठले, आत आले, दार लावून घेतलं आणि पत्नीला म्हणाले, "झाडाला लागते तेवढी थंडी आहे बरं का तिथे. चिंता नको."

पत्नी त्या दिवशी त्यांच्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

झाड मात्र सावरलं. थंडी सरता सरता नवी पालवी फुटली, मग पांढरी फुलं आली आणि जिना घमघमला. फुलांची फळं धरली. पैकी बहुतेक वाटाण्याएवढी होऊन गळाली (उपअधीक्षकांनी प्रत्येक गळालेलं फळ बशीत ठेवून पाहिलं), पण एक टिकलं. पावसाळाभर ते हिरवं होतं, नंतर त्याच्यावर पिवळी झाक आली, आणि पुढची थंडी पडली तसं ते केशरी होत होत एकदाचं पिकलं. गॅलरीच्या काचेतून ते रस्त्यावरूनही दिसे. खालून जाणारे लोक मान वर करत. उपअधीक्षक काचेआड उभे राहून त्या माना मोजत.

फळ तोडायचा समारंभ रविवारी ठेवला. दंतवैद्य सहकुटुंब आला, रोखपाल आला, टंकलेखिका आली, तक्रारदारही आले. (लेक नव्हती. रविवारी ती आत्याकडे जाते.) उपअधीक्षकांनी निष्ठा, संयम आणि कौटुंबिक सहकार्य यांवर चार शब्द सांगितले. 'सहकार्य' म्हणताना त्यांनी पत्नीकडे पाहिलं. ती सुरी धूत होती. मग कात्रीने देठ कापला. साल सहज सुटली. हवेत बारीक तुषार उडाले आणि सगळ्यांनी एकदम श्वास घेतला. फोडी जेमतेम पुरल्या. पहिली दंतवैद्याच्या हातावर ठेवून उपअधीक्षक, ज्या वाक्यासाठी एवढा खटाटोप केला होता, ते वाक्य बोलले :

"घरचं आहे."

सगळ्यांनी फोड तोंडात टाकली. दंतवैद्याने डोळे मिटले. रोखपालाच्या गालावर एक शीर उडाली. टंकलेखिकेने खिडकीबाहेर बघितलं. तक्रारदारांपैकी मोठा म्हणाला, "वा! वा साहेब!" आणि पाणी मागितलं.

इथवर आल्यावर वाचक साहजिकच विचारतात, की मग ते संत्रं गोड होतं की आंबट? ही हकीगत आम्ही ज्यांना ज्यांना सांगितली, त्या सगळ्यांनी इथे नेमका हाच प्रश्न विचारला. आपल्याही मनात तोच आहे, तेव्हा संकोच नको, सांगून टाकतो : आंबट होतं. आपल्या घरात ऊन कोणत्या खोलीत येतं आणि तिथे कोण राहतं, हे आम्ही विचारणार नाही. आपणही आप्पांचं विचारलं नाहीत. फिट्टंफाट.