डाळमिलीतली मेमरी कोण खातं?

प्रमिला भारंबे ही जळगाव जिल्ह्यातली पहिली संगणक-गुप्तहेर. धुळे जिल्हाही त्यात धरायला हरकत नव्हती, कारण तिकडे दुसरं कुणी असल्याचं तिच्या कानावर आलं नव्हतं. नजर घारीची, बुद्धी पात्यासारखी, आणि खांद्यावर वाळलेल्या दुधाचा डाग. हा डाग सोडून बाकीचं वर्णन तिने स्वतःच, लेकीला थोपटता थोपटता, मनाशी जुळवलं होतं.

सध्या मात्र या गुप्तहेराची नोकरी टांगणीला लागली होती. ब्याण्णव साली रतिलालशेठच्या डाळमिलीत युनिक्सचं मशीन आलं, ते बसवलं प्रमिलाने. मग ती बाळंतपणाला माहेरी गेली. लेक घेऊन परत आली, तर मशीन आजारी. सकाळी वाऱ्यासारखं पळायचं, जेवणानंतर जडावायचं, आणि दुपार कलली की एक अक्षर उमटेपर्यंत माणसाचा चहा पिऊन व्हायचा. शेवटी कुणीतरी कंटाळून बंद करायचं बटण दाबायचं आणि ते आडवं व्हायचं.

"प्रमिलाबेन," शेठ म्हणाले, "शनिवारपर्यंत नीट चाललं तर ठीक. नाहीतर नाशिकचा माणूस बोलावतो. मग तुम्ही निवांत घरी लेक सांभाळा."

ते हे रागाने बोलले असते तर तिला कमी लागलं असतं.

लेक अंगावर पिणारी. म्हणून सासूबाई, पहूरच्या सुमनबाई, चिमीला घेऊन रोज मिलीतच येऊन बसायच्या. गुप्तहेराला मदतनीस लागतोच, तो असा आयता मिळाला. प्रमिलाने त्यांना गुन्हा समजावून सांगितला.

"आई, मेमरी म्हणजे आपला ओटा. ओट्यावरची जागा संपली की कर्नल, म्हणजे या घरची कारभारीण, नको ती भांडी माळ्यावर टाकते. माळा म्हणजे आतली डिस्क. भांडं लागलं की पुन्हा खाली काढते. याला म्हणायचं व्हर्च्युअल मेमरी. दुपारी ही चढ-उतर इतकी होते की स्वयंपाकच होत नाही."

"मंग एवढी भांडे काढतं कोन?" सासूबाईंनी विचारलं.

"तो प्रश्न गौण आहे," गुप्तहेर म्हणाली.

तिचा पहिला संशयित तर नावानिशी सापडला. जाडजूड पुस्तकात चक्क लिहिलं होतं की कर्नलमध्ये मेमरीची पानं, म्हणजे तिचे तुकडे, चोरणारा एक दैत्य असतो. मोकळी मेमरी कमी पडली की तो जागा होतो. चोर स्वतःच चोर म्हणवतोय, आता आणखी पुरावा तो काय? दैत्याने केव्हा उठायचं आणि केव्हा निजायचं, ते दोन्ही आकडे प्रमिलाने बदलले, कर्नल नव्याने बांधला, मशीन पुन्हा चालू केलं. मशीन वाऱ्यासारखं पळालं. तिने सासूबाईंकडे असं पाहिलं, जसं विजेते पाहतात.

दुपारी ते पुन्हा रांगायला लागलं.

मग तिने डिस्कच्या बफरांना, म्हणजे डिस्कवरचा माल मधल्या मधे काढून ठेवायच्या ताटांना, धरलं. ओटा त्यांनीच अडवलाय, असं ठरवून त्यांची संख्या छाटली. कर्नल बांधला, मशीन चालू केलं, पुन्हा वारा. दुपारी पुन्हा बैलगाडी. तिसरा आरोप तुरीच्या भुशावर आला, आणि तिने मशीनवर चिमीच्या लंगोटाचं फडकं टाकलं. त्याने मशीन तापलं, एवढाच फरक पडला. मशीन नव्याने सुरू केलं की मेमरी तशीही रिकामी होते, आपल्या आकड्यांचा त्यात काही हात नाही, हे तिला ठाऊक होतं. पण कौतुक होत असताना असलं काही आठवत नाही. कोणकोणते प्रोग्राम चालू आहेत ते बघायची साधी आज्ञाही तिला पाठ होती. पण ते काम कारकुनाचं. गुप्तहेर तर्क करतो.

शनिवार उजाडला आणि कलायलाही लागला. प्रमिला मशीनला जोडलेल्या दुसऱ्या टर्मिनलवर तिसऱ्यांदा कर्नल बांधायला बसली. डोळे भरून येत होते, ते तिने भुशाच्या नावावर टाकले. पलीकडे मुख्य मशीनपाशी रुपचंदनाना मुनीम बसलेले. त्यांच्या शेजारी सासूबाई चिमीच्या तोंडावर पदर टाकून खेळवत होत्या.

"चिमी कठी गेली व माय? चिमी त गेली." पदर उचलला की चिमी खिदळायची.

लोटन दलाल आत आला. नानांनी चटकन दोन बटणं दाबली, समोरचे भाव गेले आणि कोरा पडदा आला. त्यावर त्यांनी पुन्हा आपलं नाव घातलं, सगळा प्रोग्राम नव्याने उघडला आणि लोटनचा भाव लिहिला. लोटन गेल्यावर चिमीकडे बघून म्हणाले, "आमचाही हाच खेळ, सुमनबाई. पूर्वी दलालाच्या हातावर रुमाल टाकायचा आणि खालून बोटांनी भाव सांगायचा. एकाचा भाव दुसऱ्याला दिसला की धंदा बसला. आता मशीनवर रुमाल कसा टाकणार? म्हणून प्रत्येक दलालाला नवा पडदा."

"अन् जुना?"

"जुना झाकला. विषय संपला."

"झाकलं म्हंजे गेलं का, नाना?" सासूबाईंनी पदर उचलला. "हे पाहा. अठीच त आहे."

चिमी खिदळली. प्रमिलाचे हात कळफलकावर थबकले.

ती उठली, नानांच्या मशीनपाशी गेली आणि एकेक पडदा उलटत गेली. पडद्याखाली पडदा, आणि प्रत्येकाखाली अख्खा प्रोग्राम जागा. सकाळी पहिल्यांदा आलेला दलालसुद्धा आपला भाव घेऊन आत ताटकळत बसलेला. एकेक बंद करत गेली तसतशी डिस्कची कुरकुर ओसरली. माळ्यावरची धडपड थांबली आणि अक्षरं बोटांबरोबर उमटू लागली.

"मीच का काय?" नाना हळूच म्हणाले.

तेवढ्यात शेठ आले. त्यांनी स्वतः दोन बटणं दाबून पाहिली आणि भुवया उंचावल्या. "काय होतं?"

कर्नल, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. शेठना त्यातलं काही कळलं नसतं. शब्द तोंडाशी आलाही. पण समोर नाना बसलेले, आणि सासूबाईंच्या पदराखाली चिमी.

"माझे सगळे तर्क चुकले, शेठ. मागचे पडदे बंद होत नव्हते. ते आईंना सापडलं. आता काम झालं की आधीचा पडदा बंद करायचा, ते मी नानांना शिकवते."

शेठनी आणखी एक बटण दाबून पाहिलं. "नाशिकवाल्याने तर नवं मशीनच घ्यायला लावलं असतं," ते म्हणाले. "सोमवारी या. आणि माँजींना आणायला विसरू नका."

प्रमिलाने बदललेले सगळे आकडे मुकाट्याने पूर्वीसारखे केले. दैत्य आपल्या जुन्या वेळेला निजला.

रिक्षात सासूबाईंनी विचारलं, "तो प्रश्न काय होता म्हने तू? गौन?"

उत्तर टाळायला गुप्तहेराने पदर तोंडावर ओढून घेतला. चिमीने तो दोन्ही मुठींनी खेचून खाली पाडला, आणि आई सापडली म्हणून घरापर्यंत खिदळत राहिली.