पाटी ज्याची त्याला

नर्मदेवरच्या बरगी धरणाच्या पाण्यात कोणी पडलं, की माझे मोठे भावजी त्याच्या शेजारून सरळ निघून जातात. पडलेला माणूस हात वर करून "अंकल, अंकल" करत असतो आणि भावजी त्याच्याकडे ढुंकून न बघता आधी त्याची पाटी उचलायला जातात. विचारलं तर म्हणतात, "माणसाच्या अंगात जॅकेट आहे, त्याला तोंड आहे. तो ओरडून राहिला ना? पाटी कोणाला ओरडणार?"

ही पाटी शाळेतली नव्हे. धरणाच्या पाण्यावर एक खेळ चालतो. कमरेला पट्टा, पट्ट्याला लांब दोऱ्या, दोऱ्यांच्या टोकाला खोलीएवढा पतंग आणि पायाखाली एक फळी. वारा पतंगाला ओढतो, पतंग माणसाला ओढतो आणि माणूस फळीवर उभा राहून पाण्यावरून घसरत जातो. लोक त्याला काइटसर्फिंग म्हणतात. भावजी पतंगबाजी म्हणतात, आणि फळीला पाटी. माणूस पडला तरी पतंग कमरेलाच राहतो, पण पाटी पायांतून सुटते आणि लाटांवर चालू लागते. बाकीचे लोक तिथे खेळायला जातात. भावजी पाटी कधी सुटते याची वाट बघायला जातात.

रांझीला आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर ते एकटे राहतात. कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर लोक परिक्रमेला जातात, हे बरगीला गेले. तिथे एका फौजी अधिकाऱ्याला पाण्यावरून उडताना पाहिलं आणि त्याच्या मागे लागून दोन उन्हाळे शिकले. पहिल्या उन्हाळ्यात त्यांच्या पोटात इतकी नर्मदा गेली, की आमचे हे म्हणाले, "दादाला आता वेगळं पुण्य करायची गरज नाही."

वारा आहे की नाही हे ते मोबाइलवर बघत नाहीत. सकाळी गच्चीत उभे राहून शेजारच्या पांडे भाभींच्या वाळत घातलेल्या साड्यांकडे एकटक बघतात. भाभींनी मला एकदा बाजूला घेऊन विचारलं, "दीदी, आपके जेठजी की तबीयत तो ठीक है?" मी सांगितलं, हवा देखते हैं. त्यांचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवसापासून साड्या मागच्या अंगणात गेल्या आणि भावजी आठवडाभर म्हणत राहिले, "यंदा हवाच नाही."

हवा लागली की मला हाक येते. पतंग सोडायला किनाऱ्यावर एक माणूस लागतो, आणि तो माणूस मी. ओढणी कमरेला बांधून तो अगडबंब पतंग कडेला धरून उभी राहते, भावजींनी अंगठा वर केला की सोडते. सहलीला आलेल्या बायका माझ्याबरोबर फोटो काढून घेतात.

खेळाडू म्हणून भावजी यथातथाच. उड्या नाहीत, गिरक्या नाहीत. एकदा तिथल्या हौशी मंडळींनी आपसांत शर्यत लावली. चौघांत भावजी तिसरे होते. दुसऱ्या नंबरवाल्याची पाटी सुटली. दुसरा कोणी असता तर पुढे गेला असता. भावजी वळले, पतंग डोक्यावर स्थिर धरून वाकले, पाटी एका हाताने उचलली आणि त्याला नेऊन दिली. तो उठला, दुसरा आला. भावजी चौथे. त्याने पेढा पुढे केला तर, इकडे दोस्ताला बड्डे म्हणतात तसं म्हणाले, "काय बड्डे, पेढा नंतर. पाटी पे नाम लिखना चाहिए आदमी को." त्यानंतर ते लाल ऑइलपेंटचा डबा घेऊनच येऊ लागले. परदेशातून मागवलेल्या चकचकीत पाट्यांवर मालकाला न विचारता नावं पडू लागली, तीही ट्रकच्या मागे लिहितात तशा अक्षरांत.

सगळ्यात जास्त पाट्या हरवायचा कार्तिक. सदरला, छावणीत राहणारा, फौजेतला तरुण अधिकारी. पाटी सुटली की हा पाण्यात आरामात पडून राही, जणू चहाची ऑर्डर दिली आहे. भावजी पाटी आणून देत आणि वर रागावत, "घर में किसी ने सामान सँभालना नहीं सिखाया?"

तो हसून म्हणे, "आप हैं न, अंकल."

मोटारसायकलवरून घरी येताना भावजी धुसफुसत. "म्हणते कसा, आप हैं न." थोडं अंतर गेलं की पुन्हा, "आप हैं न, म्हणते." दर वेळी मला वाटे, हा राग काही खरा नाही.

मेअखेरच्या एका संध्याकाळी कार्तिकची पाटी फार आत सुटली. भावजी तिच्या मागे गेले आणि मधेच वारा पडला. पतंग पाण्यावर आडवा झाला. पाटी पुढे, भावजी मागे, दोघंही तरंगत. नाववाला गेला तर हे पाण्यातून त्यालाच ओरडू लागले, "मला राहू दे भैया, पहले वो पाटी!" नाववाल्याने त्यांनाच गोणीसारखं उचलून आणलं. पाटी पलीकडच्या काठाकडे निघून गेली.

कार्तिक म्हणाला, "जाने दीजिए अंकल, पुरानी थी."

दुसऱ्या दिवसापासून भावजींनी मोटारसायकल काढली आणि धरणाच्या पलीकडची गावं पालथी घालायला सुरुवात केली. चेहरा उन्हाने वांग्यासारखा झाला. शेवटी एका संध्याकाळी आले ते पाटी मागच्या सीटवर आडवी बांधून. सगळ्या रस्त्यावर गाड्यांनी घाबरून वाट दिली म्हणे. तसेच सदरला जाऊन त्यांनी ती कार्तिकच्या हातात ठेवली. त्याने तोवर नवी मागवली होती. "आप ही रख लीजिए, अंकल," तो म्हणाला. "ज्याची त्याला," असं मराठीतच सांगून भावजी परत आले. पुढच्याच महिन्यात कार्तिकची बदली झाली.

पावसाळा आला, पतंगबाजी बंद झाली. पण भावजींचे रविवार बंद झाले नाहीत. इस्त्रीचा शर्ट घालून, खोव्याच्या जिलब्यांचा डबा हँडलला लटकवून ते निघत आणि संध्याकाळी परत येत. आमच्या ह्यांच्या मनात नको ते येऊ लागलं. "तू विचार," म्हणाले. "मी कसं विचारू, मोठा भाऊ आहे." दिवाळीच्या आधी एका रविवारी मीच गाडीपाशी जाऊन उभी राहिले. "मी पण येते आज."

"रस्ता खराब आहे, सुनीता."

"चालते मला." आणि मी मागे बसले.

धरणाच्या पलीकडे काठावर मासेमारांची दहा-बारा घरं. एका घरासमोर एक म्हातारी शिंगाडे निवडत बसली होती. भावजींना बघून तिने न उठताच खाट दाखवली, म्हणजे येणंजाणं नेहमीचं. मला बघून विचारलं, "जे को हैं?"

"छोटे भाई की घरवाली," भावजी म्हणाले आणि घाईघाईने पाण्याकडे बघू लागले.

"अच्छा, तो कार्तिक की चाची."

मला कळेना. म्हातारी बोलतच होती. "लरका काय नईं आओ? हर बेर कहत हैं, अगली बेर लाएँगे." मग मला सांगू लागली. वाहून आलेली पाटी तिच्या नवऱ्याने जाळ्याबरोबर ओढून आणली होती. भर दुपारी हा माणूस तहानलेला आला, पाटी दिसल्यावर तिच्यावर हात ठेवून बराच वेळ बसून राहिला. "हमने पूछी, तुमाए लरका की है? भैया ने कही, हओ."

एवढ्या एका होकारापासून, एका 'हओ'पासून सुरुवात झालेली. आता म्हातारीला सगळं ठाऊक होतं. कार्तिकला वांगं आवडत नाही. तो वस्तू कुठेही टाकतो आणि बापाला शोधायला लावतो. बदली लांब झाली आहे, पण रविवारी सकाळी न चुकता फोन येतो. त्याच्यासाठी मुलगी बघणं चालू आहे, भैयाला घाई नाही.

भावजी जाळ्याच्या गाठी तपासत होते. कारखान्यात पुर्जे तपासत असतील तसे, एकेक. मान वर नाही. कान मात्र लाल.

"तुम बताओ चाची," म्हातारीने माझा हात धरला. "बाप तो तारीफ करेगा ही. सच्ची में कैसो है लरका?"

मी भावजींकडे पाहिलं. त्यांचा हात गाठीवरच थांबला होता.

"अच्छा है, अम्मा," मी म्हटलं. "बहुत अच्छा है. थोड़ा जिद्दी है. इन पर गया है."

म्हातारी खूश झाली. निघताना तिने शिंगाड्यांची पिशवी माझ्या हातात दिली. कार्तिक सुट्टीवर आला की उकडून द्यायला.

परतीच्या वाटेवर मी पिशवी मांडीवर धरून बसले होते. रांझी आलं, आमची गल्ली आली. फाटकाशी भावजींनी गाडी बंद केली आणि मान न वळवता म्हणाले, "जिद्दी काहून सांगितलंस गं? सीधा आहे तो."

"चुकलं भावजी," मी म्हटलं. "पुढच्या रविवारी सांगते अम्मांना."