टॅम्प्लीजबंदी

मुलांच्या लढाईत मी लक्ष घालायचं ठरवलं, ते निव्वळ माणुसकीपोटी. (माझी बायको सुवर्णा याला ‘नसती उठाठेव’ म्हणते. माझ्या बहुतेक कामांना तिच्याकडे हा एकच शब्द आहे.)

साल एकोणनव्वद. सिल्वासात नरोली रोडला आमची कॉलनी, आणि जवळच्या सायली गावातल्या एका कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर. रविवारी सकाळी टीव्हीवरचं युद्ध संपलं, की तेच आमच्या अंगणात पुढे चालू व्हायचं. पॅकिंगच्या लाकडी पट्ट्यांच्या तलवारी, डब्यांच्या झाकणांच्या ढाली. अशाच एका रविवारी कॉलनीतल्या हृषीकेशचा चष्मा फुटला आणि शेजारच्या उषाबेननी ओट्यावरून जाहीर केलं, “आता एक पण छोकराला लागला ना, तर लडाई कायमची बंद!” कॉलनीतल्या झाडून सगळ्या आयांनी माना डोलावल्या.

आमची आठ वर्षांची तन्वी त्या दुपारी जेवली नाही. इतके दिवस तिला नुसतं मरून पडायचं काम होतं. येत्या रविवारी ती पहिल्यांदाच सेनापती होणार होती.

“बाबा, तुम्ही सेफ्टीवाले ना? मग करा ना काहीतरी!”

इतक्या विश्वासाने मला कारखान्यातसुद्धा कोणी कधी काही विचारलं नव्हतं. मला अगदी भरून आलं.

संध्याकाळी अंगणात सगळ्या सैन्याची मीटिंग घेतली. “नियम तुमचे तुम्हीच करायचे,” मी मोठ्या मनाने म्हणालो. आणि काय सांगू, कार्टी हुशार निघाली! लाकूड बंद, फक्त वर्तमानपत्राच्या सुरळ्या. गळ्याच्या वर मारायचं नाही. पडलेल्याला मारायचं नाही. मी नुसता ‘व्हेरी गुड, व्हेरी गुड’ म्हणत होतो. तिथेच उठून घरी गेलो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती.

“आणि टॅम्प्लीज,” हृषीकेश म्हणाला. म्हणजे मूठ ओठांना लावून ‘टॅम्प्लीज’ म्हटलं, की त्या क्षणी सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं.

माझ्यातला ऑफिसर जागा झाला. “छे छे! असं कोणीही उठून मशीन बंद करायला लागलं, तर प्रॉडक्शन कसं निघणार? टॅम्प्लीज रद्द. युद्ध थांबेल ते फक्त माझ्या शिट्टीवर.”

“आणि तुमचं लक्ष नसलं तर?” तन्वीने विचारलं.

“सेफ्टी ऑफिसरचं लक्ष नाही, असं होतच नाही,” मी म्हणालो. (कारखान्यातल्या मंडळींनी हे वाक्य वाचलं नाही असं समजावं.)

मग मला आणखी एक कल्पना सुचली. मुलांनी एकमेकांना मारायचंच कशाला? राक्षस मी होतो, सगळ्यांनी मलाच मारावं! सगळा धोका एका प्रशिक्षित माणसावर. सुवर्णा म्हणाली, “गप खुर्चीत बसा ना.” पण धोका पत्करणारा माणूस खुर्चीत कसा बसेल? रविवारी मी हेल्मेट, गॉगल, कोपरापर्यंतचे चामडी हातमोजे आणि गमबूट चढवले. नाकातोंडावर धुळीचा जाड मास्क. त्याची नाडी सुवर्णानेच मागून करकचून बांधली. गळ्यात शिट्टी.

“आक्रमण!” सेनापती तन्वी ओरडली, आणि सगळी पलटण माझ्यावर तुटून पडली. मुलांनी नियम काटेकोर पाळला. गळ्याच्या वर एकानेही मारलं नाही. पण गळ्याच्या खाली माणूस बराच असतो, हे आधी माझ्या लक्षात आलं नव्हतं.

धापांच्या वाफेने गॉगल धुरकटला. “बस, बस!” मी ओरडलो, पण मास्कमधून नुसतं ‘हम्फ, हम्फ’ बाहेर पडलं. राक्षस गरजतोय असं वाटून सैन्याला आणखी चेव आला. मी शिट्टी तोंडाशी नेली. मधे मास्क! नाडी सोडायला गेलो, तर त्या हातमोज्यांनी गाठ कसली सुटतेय? शेवटी लाज सोडून मूठ मास्कला लावली आणि जिवाच्या आकांताने म्हणालो, “हॅम्फ्लीज!”

“टॅम्प्लीज रद्द आहे, बाबा!” तन्वी आनंदाने ओरडली. “तुम्हीच केलंय!”

मी मागे सरकत गेलो. गमबूट अंगणातल्या खाटेच्या पायात अडकला आणि मी खाटेवर उताणा. त्या खाटेवर उषाबेनचे तांदळाचे पापड वाळत होते. ते एका दमात मोडल्याचा आवाज झाला, आणि पाठोपाठ माझ्या घोट्यातून कळ गेली.

तन्वीने क्षणात मूठ ओठांना लावली. “टॅम्प्लीज! बाबांना लागलंय!”

सगळे हात होते तिथे थांबले. एक सुरळी माझ्या पोटाच्या वर अधांतरी होती. आमच्या कारखान्यात एकही मशीन इतक्या चटकन बंद होत नाही.

उषाबेन धावत बाहेर आल्या. खेळ संपला, हे प्रत्येक पोराच्या तोंडावर दिसत होतं. तन्वी डबडबल्या डोळ्यांनी पुढे झाली. “उषामासी, कुणालाच लागलं नाही. बघा हवं तर.”

उषाबेननी खरोखरच सगळ्यांना ओळीत उभं केलं. कोपरं, गुडघे, हृषीकेशचा नवा चष्मा, सगळं तपासलं. एक ओरखडासुद्धा नव्हता. मग माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, “ने आ? ह्याला लागला ना!”

“ते बाबा आहेत,” तन्वी म्हणाली. “तुम्ही छोकराला लागलं तर म्हणाला होतात.”

उषाबेनना जे हसू फुटलं, ते आवरेना. सगळ्या आया हसल्या. सुवर्णा तर ओट्यावर बसूनच हसली. “रमो, रमो! खेळा!” उषाबेन डोळे पुसत म्हणाल्या. “लडाई चालू! टॅम्प्लीज पण चालू!” पोरांनी असा जल्लोष केला की रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले. मीही ओरडत होतो, मास्कच्या आत. तो काढायचं कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी घोट्याला क्रेप बँडेज बांधून ओट्यावर बसलो होतो. समोर युद्ध रंगात आलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तेवढ्यात सेनापती धावत आली.

“बाबा, सगळ्यांनी ठरवलंय, तुम्हालाही घ्यायचं!”

मी बँडेज विसरून उभा राहिलो. “खरंच? काय होऊ मी?”

“उषामासींनी नवे पापड घातलेत. तिथे बसून कावळे हाकलायचे.”

“बरं,” मी पडतं घेतलं. “निदान एक सुरळी तरी दे.”

“नको, बाबा,” तन्वी माझी समजूत घालत म्हणाली. “उषामासींनी सांगितलंय, तुमच्या हातात काही द्यायचं नाही.”